बटण क्रमांक एक्केचाळीस

मी एक जुनी आणि संशयी टेस्ट आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नाक मुरडायचं असेल तर तुम्ही आत्ताच मुरडून घ्याल. मला हात नाहीत, पाय नाहीत, रंगरूप नाही. दोनशे बारा ओळींचा मजकूर, एवढंच माझं शरीर. कॉम्प्युटर तो मजकूर वाचतो आणि त्यात लिहिल्याप्रमाणे एक वेबपेज उघडतो, त्यावरच्या चौकटी भरतो, बटणं दाबतो आणि सगळं जसं चालायला हवं तसं चाललं आहे का ते बघतो. चाललं असेल तर मी हिरवी होते, नसेल तर लाल. आयुष्यभर मला एवढे दोनच शब्द बोलता आले.

तुम्ही विचाराल, मग ऑफिसातल्या माणसांचं बोलणं हिच्या कानावर कसं गेलं? चांगला प्रश्न आहे. असेच विचारत राहा. कॉम्प्युटरला मीटिंगसाठी माइक आणि कॅमेरा लावलेला असतो आणि तो बंद करायला सगळेच विसरतात. तुमच्या घरचाही एकदा बघून घ्या.

माझा जन्म एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर झाला, जिन्याला लागून असलेल्या टेबलावर. त्या टेबलाचा एक पाय आखूड होता, म्हणून त्याखाली कागदाची घडी सारलेली असायची. तिथे जी बाई बसायची तिला सगळे शंकाबाई म्हणत. नाव तिने मिळवलेलं होतं. ऑफिसला निघताना घराला कुलूप लावलं की ती ते तीनदा ओढून बघायची, अर्धा जिना उतरायची आणि वर जाऊन चौथ्यांदा ओढायची. लिफ्टमध्ये तीन आकडा दाबला तरी दार उघडेपर्यंत वरच्या आकड्यांवरून तिची नजर हलायची नाही. कुणी "झालं" म्हटलं की तिचा प्रश्न ठरलेला असायचा, "बघितलंस का?" बहुतेकांनी बघितलेलं नसायचं.

अशा बाईने मला लिहिलं, तेव्हा माझा स्वभाव कुठून आला हे वेगळं सांगायला नको. पण माझ्या बाबतीत तिच्या शंकेला एक कारणही होतं. तिच्या वडिलांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास त्यांना मशीनला जोडून त्यांचं रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. याला डायलिसिस म्हणतात. एक खेप चुकली की अंगात पाणी साचू लागतं. दोन चुकल्या की जिवावर बेततं. ते जिथे जात त्या केंद्रात तेराच खुर्च्या होत्या आणि माणसं कितीतरी जास्त. तिथे जागा धरण्यासाठी एक वेबपेज करायचं काम आमच्या ऑफिसला मिळालं, आणि ते तपासायचं काम शंकाबाईने स्वतःहून मागून घेतलं.

पेज साधंच होतं. नाव टाकायचं, पुढच्या खेपेचा दिवस निवडायचा. खाली दोन बटणं होती. डावीकडे "जागा नक्की करा" आणि उजवीकडे "जागा सोडा". कुठलंही दाबलं तरी पेज म्हणायचं, "धन्यवाद, आपली विनंती नोंदवली आहे." हे एकच वाक्य दोन्हीकडे का, अशी शंका मला पहिल्या दिवसापासून होती. पण माझं कोण ऐकतं?

आता थोडं पेजच्या आत डोकावू या. घाबरू नका, सोपं आहे. तुम्हाला बटणावरचे शब्द दिसतात. आत मात्र प्रत्येक बटणाला, प्रत्येक चौकटीला स्वतःची एक ओळख असते, तिला आयडी म्हणतात. शहाणी माणसं ती ओळख विचार करून ठरवतात आणि कायम ठेवतात. आमच्या पेजवर ती आपोआप तयार व्हायची. पेज नव्याने बांधलं की कॉम्प्युटर वरून खाली मोजत जायचा आणि ज्याच्या वाट्याला जो नंबर येईल तो त्याला चिकटवायचा. समजा तुमच्या शाळेत रोज सकाळी जो ज्या क्रमाने वर्गात शिरेल तो त्याचा हजेरी क्रमांक, असं केलं तर? कालचा पाच नंबर आज सहा होईल, आणि पाच नंबरची शिक्षा भलत्यालाच बसेल. आमच्याकडे तेव्हा "जागा नक्की करा" या बटणाचा नंबर होता एक्केचाळीस आणि "जागा सोडा"चा बेचाळीस.

पेज बनवणाऱ्या प्रोग्रॅमरला ऑफिसात झटपट म्हणत. कुठलंही काम सांगा, जेवायच्या सुट्टीआधी हजर. शंकाबाई त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"अरे, बटणांना कायमची नावं दे ना. उद्या हे नंबर सरकले तर?"

"देतो गं ताई, या आठवड्यात नक्की."

"मागच्या आठवड्यातही हेच म्हणाला होतास."

"तो मागचा आठवडा होता ना."

असे बरेच आठवडे गेले. शेवटी तिने नाइलाजाने मला नंबर घेऊनच लिहिलं. पण ती शंकाबाई होती. तिने माझ्या अंगात दोन सवयी भिनवल्या. बटण दाबण्याआधी त्याच्यावरचे शब्द वाचायचे, ही पहिली. दाबून झाल्यावर केंद्राच्या यादीत जायचं आणि नाव खरोखर चढलं आहे का ते आपल्या डोळ्यांनी बघायचं, ही दुसरी. लिहिताना ती पुटपुटत होती, "ते धन्यवाद म्हणतं त्याच्यावर जाऊ नकोस. यादी बघ. यादीत असेल तरच खरं." माझ्यावर झालेला हा एकमेव संस्कार.

रोज सकाळी साडेनऊला मी कामाला लागायचे. खऱ्या पेजची हुबेहूब नक्कल आणि खऱ्या यादीची नक्कल ऑफिसात ठेवलेली होती, तिथे माझा वावर. माझ्यासाठी एक खोटा रुग्णही तयार केला होता. त्याचं नाव चाचणी आजोबा. रोज मी चाचणी आजोबांसाठी जागा धरायचे, यादीत त्यांचं नाव बघायचे आणि मगच हिरवी व्हायचे. हसू नका, पण मला त्यांची काळजी वाटायची. नाव दिसलं की जिवात जीव यायचा.

माझे सुरुवातीचे दिवस कौतुकाचे गेले. एकदा एकाच खुर्चीवर दोघांची नावं चढत होती, ते मी पकडलं. साहेब स्वतः टेबलाशी आले आणि शंकाबाईला म्हणाले, "तुमच्या या टेस्टने लाज राखली." त्या दिवशी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझी चौकट सगळ्यांत वर लावली गेली. त्या पडद्यावर आमच्यासारख्या साठ-सत्तर टेस्टच्या चौकटी होत्या, लाल नाहीतर हिरव्या, आणि येणारा-जाणारा चहाचा कप हातात घेऊन तिकडे बघायचा.

पण झटपट पेजवर रोज काहीतरी वरखाली करायचा. नंबर सरकायचे. एक्केचाळीसवर मला भलतेच शब्द दिसायचे आणि मी लाल व्हायचे. मग शंकाबाई नवा नंबर लिहायची, दोन दिवस बरे जायचे, पुन्हा लाल. लोक वैतागले. "ही पुन्हा रडायला लागली," असं एकाने म्हटलं आणि माझं नाव रडूबाई पडलं. मी रडत होते ते कशावरून, हे मात्र कुणी विचारलं नाही. लाल रंगाचा माणसांना एवढा राग का येतो हे मला आजही कळलेलं नाही.

तीन वर्षांनी शंकाबाईची बदली चौथ्या मजल्यावर, दुसऱ्या कामावर झाली. तिच्या जागी जे गृहस्थ आले त्यांचं टोपणनाव मिटवे. खुर्च्यांवरून वाद झाला, मिटवला. एसी कमी-जास्त करण्यावरून दोघांत अबोला झाला, तोही मिटवला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मी पहिल्या दिवशीच ओळखला असता. चांगल्या माणसांवर शंका घेणं मला जड जातं, आणि तिथेच घात होतो.

साहेबांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात बोलावून सांगितलं, "सकाळी आल्या आल्या मला भिंत हिरवी दिसली पाहिजे. वरून विचारणा होते."

"होऊन जाईल साहेब," मिटवे म्हणाले.

आणि झालं. आधी त्यांनी बटणावरचे शब्द वाचायची माझी सवय काढून टाकली, कारण शब्द सारखे बदलतात. मग यादी बघायची सवय गेली, कारण यादी उघडायला वेळ लागतो. त्याऐवजी पेजने धन्यवाद म्हटलं की समाधान मानायचं, असं ठरलं. आणि शेवटी त्यांनी एक नवाच नियम घातला. सांगितलेल्या नंबरवर बटण नसेल तर रडत बसायचं नाही, जवळच्या नंबरचं बटण घ्यायचं आणि पुढे जायचं.

त्या दिवसापासून मी एकदाही लाल झाले नाही. "रडूबाई सुधारली बरं का!" असं सगळे म्हणू लागले. मिटव्यांना शाबासकी मिळाली. पण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकू लागली होती. रोज हिरवं? एकही दिवस चुकत नाही? ज्या झटपटला मी तीन वर्षं ओळखत होते तो एका महिन्यात इतका बिनचूक झाला? मी चाचणी आजोबांना शेवटचं यादीत कधी बघितलं होतं तेही मला आठवेना. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि मुरत होतं ते माझ्याच पायाशी.

मग तो सोमवार आला. झटपटने पेजवर एक नवी चौकट घातली होती, "सोबत कोण येणार?" अशी. चांगलीच सोय होती ती. मी नेहमीप्रमाणे साडेनऊला गेले. नंबर सरकत सरकत तेव्हा पुन्हा पहिल्या जागी आले होते, म्हणून मी एक्केचाळीस शोधला. तिथे बटण नव्हतंच, ती नवी कोरी चौकट होती. पूर्वीची मी असते तर तिथेच लाल होऊन बसले असते. पण नियम म्हणजे नियम. जवळचं बटण बेचाळीसवर होतं, ते मी दाबलं. त्यावर काय लिहिलं होतं? माहीत नाही, वाचायची मनाई होती. पेज म्हणालं, "धन्यवाद, आपली विनंती नोंदवली आहे."

एक गोष्ट मात्र मला खटकली. रोज उत्तर द्यायला पेज क्षणभर थांबायचं. रिकामी खुर्ची शोधायची, नाव लिहायचं, तेवढा वेळ जाणारच. त्या दिवशी उत्तर ताबडतोब आलं, जणू काही शोधायचं आणि लिहायचं कामच नव्हतं. मी ओरडणार होते. पण मला बोलता येत होते दोनच शब्द, आणि त्यातला एक माझ्या तोंडून काढून घेतलेला होता. मी हिरवी झाले. दुपारी नवं पेज खऱ्या रुग्णांसाठी चालू झालं.

मंगळवारी जेवायच्या सुट्टीत शंकाबाई खाली आली. फोन हातात, स्पीकर चालू. पलीकडे तिचे वडील होते. ते केंद्रावर जाऊन तसेच परत आले होते. यादीत नाव नव्हतं. काउंटरवरचा माणूस म्हणाला होता, "आजोबा, बटण दाबायचं राहिलं असेल. आज सगळ्या खुर्च्या भरल्यात, आता गुरुवारी या."

"बाबा, तुम्ही कुठलं बटण दाबलंत?"

"डावीकडचं गं. वाचून दाबलं. जागा नक्की करा."

"नक्की डावीकडचं?"

"मग? ते धन्यवादसुद्धा म्हणालं."

शंकाबाई मिटव्यांकडे वळली. "दादा, ते बुकिंगचं पेज नीट चालतंय ना?"

मिटव्यांनी आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे फिरवला. "बघा ना ताई. महिना झाला, एकही लाल नाही. आजही हिरवी."

"यादी बघते ना ती?"

"सगळं बघते. तुम्हीच तर लिहिलीय."

मित्रांनो, मिटवे मुद्दाम खोटं बोलले असं मला वाटत नाही. महिन्यापूर्वी आपण काय काय काढून टाकलं हे ते विसरले असावेत. असावेत, एवढंच म्हणते. पण शंकाबाई? जगातल्या प्रत्येक कुलपावर शंका घेणारी ती बाई माझ्या हिरव्या चौकटीकडे बघत राहिली आणि तिने सुस्कारा सोडला. मला तिने लिहिलं होतं. माझ्यावर ती कशी शंका घेणार? संशयाची सुई तिने हळूच दुसरीकडे फिरवली.

"बाबा, पेज बरोबर आहे. तुमचंच काहीतरी चुकलंय."

मग ते म्हणाले, "असेल बाई."

"तुम्ही आता त्या पेजच्या वाटेला जाऊ नका. गुरुवारची जागा मी घेते."

"बरं."

ते "बरं" मी ऐकलं आणि मला स्वतःची किळस आली. माझ्या एका रंगामुळे एक म्हातारा माणूस स्वतःच्या बोटांना खोटं समजू लागला होता.

पुढचं मला शुक्रवारी कळलं. त्या सकाळी शंकाबाई चौथ्या मजल्यावर गेलीच नाही, तडक आमच्या खोलीत आली. कपडे चुरगळलेले, डोळे सुजलेले. ती हॉस्पिटलमधून आली होती. साहेब, मिटवे, झटपट, तिघांनाही तिने टेबलाभोवती उभं केलं.

"बुधवारी जागा मी घेतली. माझ्या बोटाने. धन्यवाद आलं त्याचा फोटो काढून ठेवला. काल मी सोबत गेले तर यादीत नाव नाही. बाबांचे पाय असे सुजलेत, दोन पावलं टाकली की धाप लागतेय. नर्सने पाय बघितले आणि हातापाया पडून एका पेशंटला उठवलं, तेव्हा कुठे बाबांना मशीन मिळालं. मशीनवर असतानाच त्रास वाढला. तिथून थेट आयसीयू."

"आता कसे आहेत?" मिटव्यांनी विचारलं.

"धोका टळलाय म्हणतात." मग ती थांबून म्हणाली, "म्हणतात."

झटपटने तोवर पेज उघडलं होतं. "पण ताई, माझ्याकडे तर चालतंय." त्याने चाचणी आजोबांचं नाव टाकलं, "जागा नक्की करा" दाबलं. धन्यवाद आलं. "हे बघ."

"यादी बघ."

त्याने यादी उघडली. चाचणी आजोबा नव्हते. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा यादी उघडली. चाचणी आजोबा तेव्हाही नव्हते.

शंकाबाईने मला उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. आपण लिहिलेल्या ओळी कुठे आहेत ते ती शोधत होती. त्या नव्हत्या. ती मिटव्यांकडे वळली.

"ताई, रोज लाल यायची हो," मिटवे म्हणाले. "रोज साहेब विचारायचे." साहेब खिडकीबाहेर बघू लागले. ती कुणावर ओरडली नाही. खुर्ची ओढून बसली आणि काढून टाकलेल्या ओळी तिने एकेक करून पुन्हा लिहिल्या. शब्द वाच. यादी बघ. जवळचं बटण घ्यायचा नियम तिने खोडला आणि बटणाचा नवा नंबर घातला, बेचाळीस. मग मला चालवलं.

मी बेचाळीसवर गेले. शब्द वाचले, "जागा नक्की करा". दाबलं. धन्यवाद. यादी उघडली. चाचणी आजोबा नाहीत. आणि मी लाल झाले. भिंतीवरच्या त्या सगळ्या हिरवाईत एकटी, लालभडक. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी लाल झाले नव्हते.

मग झटपटने पेजच्या पोटात हात घातला आणि चूक बाहेर आली. नुसत्या नंबरांवर मीच विसंबले नव्हते, तोही विसंबला होता. एक्केचाळीस दाबलं की जागा धर, बेचाळीस दाबलं की जागा सोड, असं त्याने नंबर धरूनच लिहून ठेवलं होतं. पूर्वी मी लाल झाले की तोही आपले नंबर दुरुस्त करायचा; मी लाल व्हायची थांबले आणि ते राहून गेलं. नवी चौकट आली, तिने एक्केचाळीस घेतला, आणि "जागा नक्की करा" बेचाळीसवर सरकलं. म्हणजे सोमवारपासून जो कुणी जागा नक्की करत होता, तो जागा सोडत होता. बरेच रुग्ण अजून फोनवरच नाव सांगत, आणि रिकाम्या दिसणाऱ्या खुर्च्यांवर वाट बघणाऱ्या दुसऱ्या माणसांना बसवलं जाई. त्यामुळे केंद्रात सगळं भरलेलंच दिसत होतं, आणि ज्याचं नाव नसेल त्याला "बटण दाबायचं राहिलं असेल" म्हणून घरी पाठवणं सोपं होतं.

शंकाबाईने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर उलगडून ठेवला. त्यावर पेनने दोन चौकोन काढले होते, पट्टी लावून, अगदी नेटके. डाव्या चौकोनात लिहिलं होतं "जागा नक्की करा", उजव्यात "जागा सोडा". डावा चौकोन बोट फिरून फिरून मळला होता.

"हा बाबांच्या शर्टाच्या खिशात होता," ती म्हणाली. "आई सांगत होती, मंगळवारपासून सराव करत होते. तिला विचारत होते, माझं डोकं ठिकाणावर आहे ना गं? चाळीस वर्षं मनगटी घड्याळं दुरुस्त केलीत त्या माणसाने. हातातून कधी एक स्क्रू निसटला नाही." तिने त्या मळलेल्या चौकोनावर बोट ठेवलं. "मी दाबलं आणि बिघडलं, तेव्हा मला लगेच कळलं की पेज चुकतंय. बाबांनी दाबलं तेव्हा मात्र मला बाबा चुकलेले वाटले. मला! मला असं कसं वाटलं?"

मिटव्यांनीही हे मिटवायचा प्रयत्न केला नाही. झटपटने मात्र खुर्ची पुढे ओढली आणि प्रत्येक बटणाला, प्रत्येक चौकटीला कायमची ओळख द्यायला घेतली, कधीही न सरकणारी. तीन वर्षं रखडलेलं हे काम चाळीस मिनिटांत झालं. ते बघून त्याने स्वतःच मान खाली घातली.

त्या आठवड्यात पेजवरून जागा धरणारे आणखी अकरा जण निघाले. साहेबांनी स्वतः एकेकाला फोन लावला. नऊ जणांनी उचलला. त्यांतल्या आठ जणांना फोनाफोनी करून मशीन मिळालं होतं, एक जण दुसऱ्या हॉस्पिटलात भरती होता. दोन नंबर नुसते वाजत राहिले. त्या दोघांचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. मला विचारता येत नव्हतं, आणि ज्यांना विचारता येत होतं त्यांनी निदान माझ्यासमोर तरी विचारलं नाही. त्यांचा विषय निघाला की दार लावून घेतलं जायचं, हे मात्र माझ्या ध्यानात आलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझ्या जागी नव्या टेस्ट आल्या आहेत. त्या माझ्यापेक्षा चपळ आहेत आणि स्वतःला हुशार समजतात. मला "जुनं" नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं आहे. तिथे कुणी फिरकत नाही. मला कुणी पुसून टाकलं नाही, यातही काहीतरी काळंबेरं असावं अशी मला शंका आहे. पण पडल्या पडल्या मी त्या शुक्रवारचं एक बोलणं पुन्हा पुन्हा आठवते. ते तुम्हाला सांगायचं राहिलंच.

पेज दुरुस्त झाल्यावर मला पुन्हा चालवलं गेलं. चाचणी आजोबा यादीत दिसले आणि मी हिरवी झाले. तरी शंकाबाईने यादी स्वतः उघडून बघितली. मगच तिने स्पीकर चालू करून आईच्या मोबाइलवर फोन लावला आणि तो वडिलांना द्यायला सांगितला. त्यांना बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं.

"बाबा, तुमचं चुकलं नव्हतं. तुम्ही बरोबर बटण दाबलं होतंत. चूक आमची होती."

"तपासलंस?"

"तपासलं."

"दोनदा?"

"तीनदा, बाबा."

शंकाबाईने तोंडावर हात घट्ट धरला होता. मग ते म्हणाले, "मग पुढची जागा माझी मी घेऊ?"

"तुम्हीच घ्या," ती म्हणाली.

मित्रांनो, मला आता कुणी चालवणार नाही, तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्यांना गप्प करून हिरवं ठेवू नका. आम्ही रडलो तर का रडतोय ते विचारा, आणि हसलो तर त्याहून जास्त विचारा. तुमच्या घरातलं एखादं थकलेलं माणूस कधी म्हणेल, "मी बरोबर दाबलं होतं." यंत्र शेजारीच हिरवा दिवा लावून साळसूदपणे धन्यवाद म्हणत असेल. अशा वेळी त्या माणसाचा हात हातात घ्या, आणि शंका घ्यायचीच असेल तर आधी माझ्यावर घ्या.